कचऱ्यापासून वीज: आधी कचरा पिळून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरात रोज सुमारे ७०० टन कचरा निघतो, डेपो भरत आला आहे, आणि स्वीडनसारखा देश बाहेरून कचरा मागवून त्यावर वीज आणि उष्णता तयार करतो असं तुम्ही वाचलं. मग आपणही तो जाळून शहराची विजेची गरज का भागवू नये? किती मेगावॅट मिळतील? आणि धुराचं काय?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी सुरुवातीची वर्षं अशा प्रकल्पांच्या बॉयलरवर पाळ्या केल्या आणि पुढे प्रस्ताव तपासण्याचं काम केलं. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मेगावॅटचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो आकडा खोटा असतोच असं नाही, पण तिथून सुरुवात केली की पुढचा हिशेब चुकतो. कचरा जाळणारा प्रकल्प हे वीजकेंद्र नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासारखी ती शहराच्या स्वच्छतेची सोय आहे, आणि तिच्यातून थोडी वीज परत मिळते. कोळशाचं केंद्र इंधन विकत घेतं. इथे इंधन घेण्याबद्दल प्रकल्पाला पैसे मिळावे लागतात. युरोपात या प्रकल्पांचा मोठा आधार म्हणजे टिपिंग फी, म्हणजे गेटवर दर टन कचऱ्यामागे मिळणारी रक्कम. वीज विकून सगळा खर्च भागवणारा प्रकल्प माझ्या पाहण्यात एकही नाही.

विजेचं प्रमाण किती, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. युरोपातल्यासारखा बऱ्यापैकी कोरडा कचरा असेल तर एका टनातून ५०० ते ६०० युनिट वीज निघते. माणशी रोज एक किलो कचरा धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा युनिट आला. त्यावर शहर चालत नाही. म्हणून खरा प्रश्न ‘कचऱ्यावर शहराची वीज भागेल का’ हा नसून ‘या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग कोणता, आणि त्यात जाळण्याला जागा किती’ हा आहे.

आता पाण्याकडे येते, कारण माझ्या अनुभवात प्रकल्प बहुतेक वेळा पाण्यावरच बुडतात.

एक हिशेब करून बघा. कचरा पूर्ण वाळवला तर त्याच्या कोरड्या भागात किलोला साधारण १६ मेगाजूल उष्णता असते असं धरू. त्यात प्लास्टिक किती आणि माती किती, यावर हा आकडा खालीवर होतो. कचऱ्यात ३५ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग ६५ टक्के, म्हणजे १०.४ मेगाजूल. यातून त्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता वजा करायची; ती पाण्याच्या किलोमागे सुमारे २.४५ मेगाजूल असते. हाती उरतात साडेनऊ. पाणी ५० टक्के झालं की उरतात ६.८. आणि पाणी ६० टक्के झालं की पाचालाही थोडे कमीच. शहर तेच, माणसं तीच, टनही तितकेच. फक्त पाणी ३५ वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि इंधनाची ताकद निम्मी झाली. जागतिक बँकेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत यासाठी मर्यादा सांगितली आहे: वर्षाची सरासरी किलोला किमान ७ मेगाजूल हवी, आणि कोणत्याही ऋतूत ती ६ च्या खाली जाता कामा नये. किलोकॅलरीत सांगायचं तर साधारण १६७० आणि १४३०. वाक्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सरासरी सगळे दाखवतात, पावसाळ्याचा आकडा फार थोडे दाखवतात.

हे कागदावर नीट कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं. नमुना घ्यायची पद्धत साधी आहे. गाडीतला कचरा ताडपत्रीवर ओतायचा, फावड्याने उलटापालटा करून ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन बाजूला सारायचे, आणि उरलेल्याचं पुन्हा तेच करायचं. शेवटी काही किलो उरतं, ते तोलून १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. पण भट्टीत टाकण्याआधी मी हातमोजा घालून एक मूठ पिळते. बोटांमधून धार लागली तर प्रयोगशाळेचा अहवाल काय येणार हे तिथेच समजतं. एका प्रकल्पाच्या अहवालात उष्मांक, म्हणजे किलोमागची उष्णता, भरपूर दाखवला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की नमुने उन्हाळ्यात, तेही व्यापारी भागातल्या गाड्यांतून घेतले होते. पुठ्ठा आणि पॅकिंगचं प्लास्टिक. तो कचरा उत्तम जळला असता. शहराचा उरलेला कचरा मात्र भाजीचा, ओला आणि मातीमिश्रित होता.

याच कारणाने भारताचा पहिला मोठा प्रयत्न फसला. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाचा प्रकल्प उभा राहिला: रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॅट वीज. तो जेमतेम काही आठवडे चालला. यंत्रात दोष नव्हता. ज्या उष्मांकासाठी ते बांधलं होतं, त्याच्या जवळपासही प्रत्यक्षातला कचरा नव्हता. यंत्र डेन्मार्कहून आणता येतं, तिथली कचरापेटी आणता येत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याहून कितीतरी जुनं आहे. लंडनच्या शोरडिच भागात १८९७ मध्ये कचऱ्यावर चालणारं वीजघर सुरू झालं. इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे, ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’. ही धूळ म्हणजे काय? त्या काळी घराघरांत कोळशाच्या शेगड्या होत्या आणि लंडनच्या कचऱ्यात राख आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचं प्रमाण मोठं होतं. म्हणजे त्या कचऱ्यात इंधन आधीपासूनच होतं, आणि ते कोरडं होतं.

ओला कचरा जाळायचाच असेल तर काय करावं लागतं, हे चीनकडे बघून शिकण्यासारखं आहे. तिथला घरगुती कचराही अन्नाच्या उरल्यासुरल्याने भरलेला आणि ओला असतो. पहिला प्रकल्प १९८८ मध्ये शेनझेनला सुरू झाला. पुढे बऱ्याच ठिकाणी फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे हवेने उसळत्या तापलेल्या वाळूवर जाळणाऱ्या, भट्ट्यांमध्ये कचऱ्यासोबत कोळसा मिसळून जाळत असत. नंतर शेगडीच्या, म्हणजे हलत्या ग्रेटच्या, भट्ट्या वाढल्या आणि एक सवय रुळली: कचरा आला की लगेच जाळायचा नाही, बंकरमध्ये, म्हणजे साठवणीच्या मोठ्या खड्ड्यात, पाच-सात दिवस ठेवायचा. त्या मुदतीत तो आतून तापतो, पाणी सुटतं, खालच्या जाळीतून लीचेट निथळतं. कचऱ्याच्या वजनाचा पंधरा-वीस टक्के भाग असा निघून जातो आणि उरलेला भाग जळण्याजोगा होतो. पण ते काळं, उग्र पाणी शुद्ध करायला स्वतंत्र यंत्रणा लागते आणि ती काही स्वस्त नसते. प्रस्तावात बंकर मोठा दाखवलेला आहे आणि लीचेटची यंत्रणा मात्र छोटी, असं दिसलं की मी तिथेच थांबून विचारते.

चीनच्या धोरणातली आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. २०१२ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या विजेला युनिटला ०.६५ युआन असा चढा दर जाहीर केला, पण तो टनामागे पहिल्या २८० युनिटनाच. त्यापुढची वीज कोळशाच्या नेहमीच्या दराने. म्हणजे कोणी कचऱ्याच्या नावाखाली कोळसा जाळून जास्त वीज विकायला गेला तर त्याला चढ्या दराचा फायदा नाही. आणि २८० हा आकडाही बघा. युरोपातल्या ५०० ते ६०० च्या निम्म्यावर आहे. ज्यांनी तो ठरवला त्यांना आपल्या कचऱ्यातलं पाणी माहीत होतं.

इथे बंकरमधल्या क्रेनचालकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. काचेमागच्या खोलीत बसलेला हा माणूस खाली ग्रॅब सोडतो, कचरा उचलतो, वर नेतो आणि मुद्दाम दुसरीकडे सोडतो. दिवसभर मिसळत राहतो. ओल्याचा ढीग कोरड्यावर, कोरड्याचा ओल्यावर. चांगला चालक कचऱ्याचा रंग आणि तो पडताना कसा फुटतो हे बघून ओळखतो की हा घास भट्टीला पचेल की नाही. माझ्या पाळीत एक जण असा होता की त्याच्या आठ तासांत वाफेचा आलेख जवळजवळ सरळ जायचा, आणि त्याच कचऱ्यावर दुसऱ्याच्या पाळीत आलेखाला दात यायचे. भट्टी कोणत्या कंपनीची यावर महिनोन् महिने चर्चा होते, क्रेनच्या खोलीत कोण बसणार यावर अर्धा तासही होत नाही.

आता स्वीडन. स्वीडन कचरा विकत घेत नाही. नॉर्वे आणि ब्रिटनसारख्या देशांतून कचरा येतो तो पैशांसकट. ब्रिटनमध्ये १९९६ पासून लँडफिल कर आहे. कचरा पुरणं महाग झालं, त्यामुळे जहाजात भरून पैसे देऊन तो बाहेर पाठवणं परवडू लागलं. स्वीडनने जळण्याजोगा कचरा पुरायला २००२ मध्ये आणि सेंद्रिय कचरा पुरायला २००५ मध्ये बंदी घातली. त्यासाठी भट्ट्या बांधल्या आणि त्यांची क्षमता देशातल्या कचऱ्यापेक्षा जास्त झाली. पण हे सगळं जमतं त्याचं मुख्य कारण जमिनीखाली आहे: डिस्ट्रिक्ट हीटिंगच्या नळ्या. हिवाळा मोठा, घरोघरी गरम पाणी जातं, आणि त्या पाण्यासाठी उष्णता लागते.

याचा विजेशी संबंध असा. कचऱ्याच्या धुरात क्लोरिन असतो, पीव्हीसी प्लास्टिकमुळे आणि अन्नातल्या मिठामुळेही. वाफ जास्त तापवली तर हा क्लोरिन सुपरहीटरच्या, म्हणजे ती वाफ तापवणाऱ्या, नळ्या खातो. एका वार्षिक बंदच्या वेळी मी अल्ट्रासॉनिक मापक घेऊन भट्टीत उतरले होते. वर्षापूर्वी पाच मिलिमीटर जाडीची घातलेली नळी तीनवर आली होती, आणि बोटाने चाचपलं तर ज्या बाजूने धूर येतो तिकडे ती चपटी लागत होती. म्हणून कोळशाच्या केंद्रात वाफ ५४० अंशांच्या घरात नेतात, पण इथे साधारणपणे ४०० अंश आणि ४० बार दाबावर थांबतात. त्यामुळे उष्णतेतली जेमतेम २० ते २५ टक्केच वीज होते. ॲमस्टरडॅमच्या प्रकल्पाने वाफेचा दाब वाढवून आणि महाग मिश्रधातू वापरून ३० टक्क्यांच्या वर मजल मारली, पण तो अपवाद. उरलेली सगळी उष्णता, म्हणजे वीज होते त्याच्या तिप्पट, जिथे कोणी घेणारं नाही तिथे वाया जाते. स्वीडन-डेन्मार्कमध्ये ती घरं ऊबदार करते. व्हिएन्नात श्पिटेलाऊचा प्रकल्प १९७१ पासून अगदी शहरात आहे. १९८७ च्या आगीनंतर चित्रकार हुंडर्टवासर यांनी त्याला रंगीबेरंगी रूप दिलं आणि सगळे त्या चिमणीचे फोटो काढतात, पण त्याचं खरं काम जवळच्या इस्पितळाला आणि हजारो घरांना गरम पाणी देण्याचं आहे.

तुमच्या शहरात घरं तापवायची नसतील तर उष्णता घेणारा दुसरा कोणी शोधावा लागेल: कागदाची गिरणी, कापड रंगवणारे कारखाने, वाफ लागणारा कोणताही मोठा उद्योग दोन-तीन किलोमीटरच्या आत. तो असेल तर चित्र बदलतं. नसेल तर स्वीडनचं उदाहरण बाजूला ठेवा. ज्या डेन्मार्कच्या अमागेर बक्के प्रकल्पाच्या छतावर लोक कृत्रिम उतारावर स्कीइंग करतात, त्याच डेन्मार्कने २०२० मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत देशातली कचरा जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करायची. कारण जाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा कार्बन हा शेवटी खनिज तेलाचाच कार्बन आहे, आणि भट्टी मोठी असली की तिला भरत राहावं लागतं.

जपान आणि सिंगापूर वेगळ्या कारणाने जाळतात: जागा नाही. टोकियोत १९७१ मध्ये गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी ‘कचरा युद्ध’ जाहीर केलं. कोतो प्रभागात साऱ्या शहराचा कचरा पुरला जात होता, गाड्यांच्या रांगा आणि माश्यांनी लोक हैराण झाले होते, आणि सुगिनामी प्रभाग स्वतःच्या हद्दीत भट्टी बांधू देत नव्हता. कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. त्यातून तत्त्व पुढे आलं की ज्याचा कचरा, त्याच्याच हद्दीत त्याची भट्टी. जपानमध्ये आजही हजाराच्या आसपास भट्ट्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी वीज तयार करतात. आकारमान घटवणं आणि रोगराई टाळणं हा त्यांचा हेतू, वीज नंतर. सिंगापूर तर राख बोटीने सेमाकाऊ बेटावर नेतं. जाळल्यावर आकारमान सुमारे ९० टक्के कमी होतं हे खरं, पण वजन शून्य होत नाही: पाचवा ते चौथा हिस्सा तळराख म्हणून उरतो. तिच्यातून लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळं करून उरलेली रस्त्याच्या पायाभरणीत वापरता येते. फिल्टरमध्ये अडकणारी उडती राख मात्र वजनाने थोडी आणि विषारी असते. जड धातू आणि डायऑक्सिन ही जाळताना तयार होणारी अतिविषारी रसायनं तिच्यात जमा होतात. ती कुठे जाणार हे प्रस्तावात लिहिलेलं असलंच पाहिजे. ‘शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट’ एवढ्यावर मी कधी सही केलेली नाही.

आता धुराचा प्रश्न. तुमची भीती निराधार नाही. १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना कचराभट्ट्यांच्या उडत्या राखेत डायऑक्सिन सापडले, आणि त्या काळच्या भट्ट्या खरोखर वाईट होत्या. त्यानंतर नियम आले. भट्टीतला वायू किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला पाहिजे, म्हणजे डायऑक्सिन तुटतात. पण वायू थंड होताना, साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात, ते पुन्हा जुळतात. म्हणून हा टप्पा झपाट्याने ओलांडायचा, मग चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन फवारायचा आणि शेवटी बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी. युरोपातली मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे आणि नीट चालवलेले प्रकल्प तिच्याही बरेच खाली राहतात. हे मी मोजलेलं आहे, त्यामुळे खात्रीने सांगते.

‘नीट चालवलेले’ या शब्दांवर मात्र सगळं अवलंबून आहे, आणि इथे पुन्हा पाणी आडवं येतं. ओला कचरा भट्टीत गेला की तापमान उतरतं. ८५० च्या खाली जाऊ लागलं की डिझेल किंवा गॅसचा सहायक बर्नर पेटायला हवा. एका प्रकल्पात पावसाळ्याच्या आठवड्यात मी नियंत्रण कक्षात होते. पडद्यावर ८३०, मग ८२२. बर्नर हाताने बंद करून ठेवलेला, कारण महिन्याच्या डिझेलच्या खर्चावरून पाळीप्रमुखाला आधीच बोलणी बसली होती. चिमणीवरचा ऑक्सिजन आणि धूळ मोजणारा मापक व्यवस्थित चालू होता; डायऑक्सिन मात्र असा क्षणोक्षणी मोजला जात नाही, त्याचे नमुने वर्षातून मोजक्या वेळा घेतात आणि त्या दिवशी भट्टी उत्तम चालवली जाते. मी बर्नर लावायला लावला आणि त्या रात्रीवर सविस्तर टिपण लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात माझी एक अट असते: भट्टीतलं तापमान दर काही मिनिटांनी आपोआप नोंदलं जावं आणि ते लोकांना बघता यावं. चीनने २०२० पासून प्रकल्पांचं भट्टीतलं तापमान आणि उत्सर्जन जनतेसाठी खुलं करायला लावलं आहे. जो प्रकल्प हे दाखवायला कचरतो, त्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी विरोध करावा हे मला योग्यच वाटतं.

पैशाबद्दल थोडक्यात, पण हे दुर्लक्षू नका. भट्टी वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने बांधतात आणि बहुतेक करारांत शहर रोज अमुक टन देईल अशी हमी असते. टन कमी पडले तर दंड. पुढे शहराने पुनर्वापर वाढवला, घरोघरी वर्गीकरण सुरू केलं, तर कराराच्या दृष्टीने ती चूक ठरते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं हॅरिसबर्ग शहर २०११ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलं, त्यामागे कचराभट्टीचं कर्ज होतं. आणि भट्टी अचानक बंद पडली तर काय होतं? २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरक्षेच्या कारणाने सहापैकी चार भट्ट्या थांबवाव्या लागल्या आणि मोठ्या भागाचा कचरा कुठे न्यायचा हा प्रश्न उभा राहिला. म्हणून टनांची हमी कमी ठेवा, आणि भट्टी बंद असताना कचरा कुठे जाईल हे आधीच ठरवा.

इथिओपियाचं उदाहरण मला अजून अस्वस्थ करतं. अदिस अबाबाच्या कोशे डेपोचा डोंगर मार्च २०१७ मध्ये कोसळला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्याच परिसरात ऑगस्ट २०१८ मध्ये रेप्पी प्रकल्पाचं उद्घाटन झालं, २५ मेगावॅट क्षमतेचा. त्या दुर्घटनेनंतर ‘काहीतरी करा’ ही निकड समजण्यासारखी आहे. पण डेपोवर कचरा वेचून पोट भरणारी शेकडो माणसं होती, आणि जळण्याजोगा भाग, म्हणजे प्लास्टिक आणि कागद, तीच तर वेचून नेतात. भट्टीला हवं ते इंधन आणि त्यांची भाकरी एकच असते. प्रस्तावाच्या आकड्यांत ही माणसं कुठेच नसतात. ती असायला हवीत, आधी वर्गीकरणाच्या पगारी कामात.

मग ओल्याचं काय करायचं? तो जाळायचाच नाही. डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिवाणू कचरा कुजवून गॅस करतात त्या बंद टाकीत, पाणी अडचणीचं नसतं, ते जिवाणूंना हवंच असतं. नीट वेगळ्या केलेल्या एका टन अन्नकचऱ्यातून साधारण शंभर घनमीटर बायोगॅस मिळतो आणि घनमीटरमागे दोनेक युनिट वीज, म्हणजे टनाला सुमारे २०० युनिट, आणि वर खत. पण ‘नीट वेगळा केलेला’ हवा. लखनौला २००३ च्या सुमारास ५ मेगावॅटचा बायोगॅस प्रकल्प उभा राहिला आणि बंद पडला, कारण डायजेस्टरमध्ये वाळू, प्लास्टिक आणि चिंध्या येत राहिल्या. इंदूरला २०२२ मध्ये रोज ५५० टनांचा प्रकल्प सुरू झाला. तिथे आधी काही वर्षं घरोघरी वर्गीकरण पक्कं झालं होतं, आणि गॅस वीज न करता वाहनांसाठी वापरला जातो. यंत्र नंतर, सवय आधी, एवढाच दोन्हींतला फरक.

जुन्या डेपोचाही विचार करा. पुरलेल्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. लॉस एंजेलिसजवळच्या प्वेंते हिल्स डेपोवर आणि दक्षिण कोरियातल्या सुदोक्वोनला अशा वायूवर ५० मेगावॅटच्या घरात वीज तयार झाली, पण ते अवाढव्य आणि नीट झाकलेले डेपो आहेत. उघड्या ढिगावर नळ्या खोचून काही मिळत नाही.

कचरा न जाळता प्रचंड उष्णतेने त्याचा वायू करू म्हणणारे, म्हणजे गॅसिफिकेशन आणि प्लाझ्मावाले, तुमच्याकडे येतीलच. जर्मनीत कार्ल्सरूहचा प्रकल्प २००४ मध्ये बंद झाला, ब्रिटनमधल्या टीसचे दोन २०१६ मध्ये सोडून दिले गेले, आणि दोन्हीकडे मागे मोठ्या कंपन्या होत्या. मिश्र कचऱ्यावर सलग तीन वर्षं चाललेला प्रकल्प दाखवा म्हणावं, मग बोलू.

आता तुमचे ७०० टन. कचरा युरोपासारखा, १० मेगाजूलचा असता तर उष्णता सुमारे ८० मेगावॅट आणि वीज साधारण १८. प्रकल्प स्वतः वापरतो ती वजा करून १५ च्या आसपास. पाच मेगाजूलचा असेल तर सगळं मिळून सात-आठ, आणि निव्वळ सहाच्या घरात, तेही बर्नरला तेल पाजून. ओला निम्मा भाग वेगळा काढून बायोगॅसला दिला, विकण्याजोगं प्लास्टिक-कागद वेचलं, तर भट्टीसाठी २०० ते २५० टन उरेल. तो भाग कोरडा असेल, जळेल, आणि त्याला भट्टी छोटी लागेल. माझ्या मते तुमच्या शहराने या २०० टनांसाठी काय करायचं हे विचारावं, ७०० साठी नाही. आणि तो उरलेला भागही आसपास सिमेंटची भट्टी असेल तर तिला देता येतो का, हे आधी बघावं.

पुढच्या बैठकीला जाल तेव्हा चार गोष्टी लेखी मागा: वर्षातल्या प्रत्येक ऋतूचे, झोपडपट्टीपासून बाजारपेठेपर्यंत सगळ्या भागांतल्या गाड्यांचे नमुने, उष्णता घेणाऱ्याचं नाव, उडती राख जाणार त्या जागेचा पत्ता, आणि टनांच्या हमीचं कलम. नमुने घेताना तुम्ही स्वतः हजर राहा. आणि ते सुरू करा पावसाळ्यापासून. सलग चार दिवस पाऊस पडल्यावर, पहिल्या पाळीची गाडी गेटवर आली की तिच्यातला एक नमुना घ्या आणि हातमोजा घालून मूठ पिळून बघा. माझ्याकडे अहवाल पाठवलात तर तपासून देईन.